व्हिडिओ मुलाखतीतला ‘भावनांचा स्कोअर’ : एचआरने काय तपासायचं, काय बंद करायचं

चाकणच्या एका कारखान्यासाठी आम्ही क्वालिटी इन्स्पेक्टर शोधत होतो. पहिली फेरी रेकॉर्डेड मुलाखतीची होती. समोर कुणी नसतं. मोबाईलच्या स्क्रीनवर प्रश्न येतो, विचार करायला ३० सेकंद मिळतात आणि उत्तराला २ मिनिटं. एक प्रश्न असा होता : ५० नगांच्या लॉटमध्ये ३ नगांचा व्यास मर्यादेबाहेर निघाला, तर तुम्ही काय कराल?

पंढरपूरकडची एक डिप्लोमा झालेली मुलगी खाली मान घालून सात-आठ सेकंद गप्प बसली. मागे कुकरची शिट्टी झाली. मग खालीच बघत ती बोलू लागली : लॉट आधी थांबवीन, लाल टॅग लावीन. ज्या मायक्रोमीटरने मोजलं तोच बरोबर आहे का, ते मास्टरवर, म्हणजे अचूक मापाच्या प्रमाण नगावर, बघीन. तो बरोबर निघाला तर शेवटचा चांगला नग कधी निघाला होता तिथपर्यंत मागे जाईन, आणि सुपरवायझरला सांगितल्याशिवाय मशीन पुढे चालू देणार नाही.

वीस वर्षं लाइनवर काढलेला माणूस याहून चांगलं उत्तर देणार नाही. चेहरा आणि आवाज यांवरून उमेदवारांना गुण देणाऱ्या सॉफ्टवेअरच्या रिपोर्टमध्ये मात्र तिच्या नावापुढे लिहिलं होतं : आत्मविश्वास कमी, एंगेजमेंट कमी. ९६ जणांच्या यादीत ती खालून चौथी होती. आम्ही वरचे २० जण बोलावणार होतो. शॉप फ्लोअरच्या सुपरवायझरांनी ‘खालचेही दोन-चार ऐकवा’ असा आग्रह धरला नसता, तर ते रेकॉर्डिंग कुणी उघडलंच नसतं. ती खाली का बघत होती, ते नंतर कळलं. प्रश्नातले आकडे तिनं कागदावर लिहून घेतले होते.

तेव्हापासून असं सॉफ्टवेअर टेबलावर आलं की मी ठरावीक क्रमानं काम करते. तो क्रम इथे देते आहे. भरतीचं काम करणाऱ्यांसाठी आहे, पण उमेदवारांसाठीही शेवटाकडे एक भाग आहे.

पायरी १ : ते नक्की काय मोजतं, ते आधी समजून घ्या

विक्रेता म्हणतो, ‘आमचं एआय भावना ओळखतं.’ प्रत्यक्षात कॅमेऱ्याला भावना दिसत नाही, स्नायूंची हालचाल दिसते. चेहऱ्याच्या हालचालींना क्रमांक देण्याची एक पद्धत पॉल एकमन आणि वॉलेस फ्रीसन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केली. भुवया खाली ओढल्या की क्रमांक ४, गाल वर उचलले की ६, ओठांचे कोपरे वर गेले की १२. इथपर्यंत सगळं मोजमाप आहे आणि ते बऱ्यापैकी नेमकं करता येतं. घोटाळा पुढच्या उडीत आहे. ६ आणि १२ एकत्र दिसले म्हणजे माणूस आनंदी, ४ दिसला म्हणजे रागावलेला किंवा नाराज, ही ती उडी.

ती उडी टिकते का, हे लिसा फेल्डमन बॅरेट या मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या चार सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये हजाराहून अधिक शोधनिबंध चाळून तपासलं. रागावलेली माणसं कपाळाला आठ्या घालतात, पण सरासरी साधारण ३० टक्के वेळाच. बाकीच्या वेळी ती गप्प होतात, रडतात, कधी हसतातही. आणि आठ्या तर राग नसतानाही पडतात : डोकं लावून हिशेब करताना, डोळ्यांवर उजेड आला की, समोरचा काय म्हणाला ते नीट ऐकू आलं नाही की. मुलाखतीत उमेदवार यांतलंच काहीतरी करत असतो.

मग येतं घरचं वळण. मोठ्या माणसांशी बोलताना नजर खाली ठेवायची, हे आपल्याकडे असंख्य मुलामुलींना लहानपणापासून शिकवलेलं असतं. मान डाव्या-उजव्या खांद्याकडे डोलावून ‘हो’ म्हणण्याची आपली पद्धत तुमचं सॉफ्टवेअर होकार धरतं की नकार, हे विक्रेत्याला जरूर विचारा. मी विचारलं तेव्हा ‘तांत्रिक टीमला विचारून सांगतो’ असं उत्तर मिळालं होतं.

पायरी २ : तुमच्याकडे ते आधीच चालू आहे का, ते शोधा

ही पायरी बहुतेक जण वगळतात, कारण ‘आम्ही असलं काही घेतलेलंच नाही’ अशी खात्री असते. पण ‘भावना’ हा शब्द रिपोर्टमध्ये क्वचितच असतो. एंगेजमेंट, एनर्जी, पॉझिटिव्हिटी, कॉन्फिडन्स, उत्साह, ‘कल्चर फिट’ अशा नावांचे रकाने शोधा. आढळले तर विचारा की हा आकडा कशातून येतो : चेहऱ्यातून, आवाजाच्या चढउतारातून, की उत्तराच्या मजकुरातून? तिन्हींची उत्तरं वेगवेगळी लागतात, आणि कायद्यातही ती वेगळी मोजली जातात.

डॅशबोर्डवर रकाना लपवला म्हणजे विश्लेषण थांबलं, असं समजू नका. आमच्याकडे रकाना लपवल्यावरही ‘एकूण गुण’ या आकड्यात तो मिसळलेलाच होता. एकूण गुण कोणत्या घटकांतून आणि किती भारानं काढतात, ते लेखी मागवा.

पायरी ३ : विक्रेत्याला लेखी प्रश्न पाठवा

फोनवर नको, ईमेलवर. माझे प्रश्न असे असतात. मॉडेल कुणाच्या व्हिडिओंवर शिकवलं, आणि त्यात भारतातली, निमशहरी भागातली, मराठी वळणाचं इंग्रजी बोलणारी माणसं किती होती? व्हिडिओंना ‘आत्मविश्वासू’, ‘नाराज’ अशी लेबलं कुणी लावली? या गुणांचा आणि पुढे नोकरीतल्या कामगिरीचा संबंध कोणत्या पदासाठी, कुणी तपासला? चष्मा, डोक्यावरचा पदर किंवा हिजाब, दाढी, चेहऱ्याचा पक्षाघात, तोतरेपणा, ऑटिझम असलेल्यांसाठी वेगळी सोय काय? रेकॉर्डिंग कुठल्या देशातल्या सर्व्हरवर राहतं आणि कधी पुसलं जातं?

लेबलांचा प्रश्न अजिबात सोडू नका. कुणीतरी पगारावर बसून हजारो चेहरे बघितले आणि ‘हा नाराज दिसतो’ असं ठरवलं, असंच बहुतेकदा घडलेलं असतं. मग तुम्हाला मिळतो तो आकडा उमेदवाराच्या मनाचा नसतो, त्या लेबल लावणाऱ्याच्या अंदाजाचा असतो. लॉरेन ऱ्ह्यू या संशोधिकेनं २०१८ मध्ये अमेरिकेतल्या एनबीए बास्केटबॉल खेळाडूंचे फोटो दोन नामांकित सॉफ्टवेअरमधून तपासले, तेव्हा कृष्णवर्णीय खेळाडूंच्या चेहऱ्यांवर जास्त नकारात्मक भावना ‘सापडल्या’.

मोठ्या कंपन्यांनी स्वतः काय केलं, हेही विक्रेत्याला आठवून द्या. व्हिडिओ मुलाखतींच्या बाजारातली मोठी अमेरिकी कंपनी हायरव्ह्यू हिनं चेहऱ्याचं विश्लेषण सोडल्याचं जानेवारी २०२१ मध्ये जाहीर केलं; भाषेच्या विश्लेषणात चेहऱ्यामुळे फारशी भर पडत नाही, असं कारण तिनंच दिलं. मायक्रोसॉफ्टनं जून २०२२ मध्ये आपल्या चेहरा-सेवेतून भावना ओळखण्याची सोय काढून घेण्याचं ठरवलं.

पायरी ४ : स्वतः बसून चाचणी घ्या

विक्रेत्याच्या डेमोवर विसंबू नका. त्यासाठी दुपारचे तीन तास आणि ऑफिसातले चार जण पुरतात. चौघांना तीच उत्तरं कागदावर लिहून द्या आणि दर वेळी एकच गोष्ट बदला.

आधी खिडकीकडे तोंड करून, मग खिडकी पाठीशी ठेवून. चष्मा घालून, काढून. मोबाईल टेबलावर उभा करून, मग पुस्तकांच्या चळतीवर डोळ्यांच्या उंचीला. मागे कोरी भिंत, मग कपाट किंवा देवघर. शेवटी तोच एक व्हिडिओ दोनदा अपलोड करा आणि गुण सारखे येतात का ते बघा.

जर्मनीतल्या बायरिशर रुंडफुंक या सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या पत्रकारांनी २०२१ मध्ये असाच प्रयोग केला होता. त्यांनी तपासलेलं सॉफ्टवेअर व्हिडिओवरून स्वभाव ओळखण्याचा दावा करत होतं. चष्मा लावला, डोक्याला रुमाल बांधला, मागे पुस्तकांचं कपाट ठेवलं, की त्याच व्यक्तीचा ‘स्वभाव’ बदलत होता. त्याच वर्षी हिल्के शेलमन या पत्रकारानं मुलाखतीच्या दुसऱ्या एका सॉफ्टवेअरपुढे इंग्रजीऐवजी जर्मन मजकूर वाचून दाखवला, तरी इंग्रजी प्रावीण्यासाठी ९ पैकी ६ गुण मिळाले.

माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची चाचणी याहून साधी आहे. एका सहकाऱ्याला साफ चुकीचं उत्तर हसतमुखानं, कॅमेऱ्याकडे बघत द्यायला सांगा. दुसऱ्याला अचूक उत्तर गंभीर चेहऱ्यानं, मध्ये थांबत, कागदाकडे बघत द्यायला सांगा. आमच्याकडे पहिल्या उत्तरात नग पुन्हा मोजून चांगले तेवढे पाठवून द्यायचे होते, म्हणजे ग्राहकाकडून हमखास तक्रार. त्याला वरचे गुण मिळाले. हे दोन व्हिडिओ आणि त्यांचे रिपोर्ट मी संचालकांना शेजारी शेजारी लावून दाखवले. त्यानंतर मला फार बोलावं लागलं नाही.

पायरी ५ : कायदा कुठे लागतो ते बघा

युरोपीय संघाच्या एआय कायद्यानं कामाच्या ठिकाणी आणि शिक्षणसंस्थांत भावनांचा अंदाज बांधणाऱ्या यंत्रणांवर २ फेब्रुवारी २०२५ पासून बंदी घातली आहे. अपवाद फक्त वैद्यकीय आणि सुरक्षेच्या कारणांचा. भरतीतले उमेदवारही यात येतात, हे युरोपीय आयोगाच्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट केलं आहे. ही बंदी चेहरा, आवाज यांसारख्या जैविक माहितीवरून काढलेल्या भावनांना लागू होते. लेखी मजकुराच्या विश्लेषणाला हे कलम लागत नाही. दंड साडेतीन कोटी युरो किंवा जगभरातल्या उलाढालीच्या ७ टक्के, यांपैकी जास्त असेल त्या रकमेपर्यंत जाऊ शकतो.

‘आम्ही तर पुण्यात आहोत’ असं म्हणून हा परिच्छेद ओलांडू नका. यंत्रणेचा निकाल युरोपात वापरला जात असेल, तर संघाबाहेरच्या कंपनीलाही तो कायदा लागू होतो. चाकण-तळेगाव-रांजणगाव पट्ट्यात जर्मन कंपन्या कमी नाहीत. तुम्ही इथे बसून जर्मनीतल्या पदासाठी उमेदवार निवडत असाल, तर आजच वकिलाला विचारा.

आपल्याकडे भावना-विश्लेषणावर थेट बंदी नाही. पण २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि कंपन्यांवरची मुख्य बंधनं त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. या कायद्यात संमती मोकळेपणानं दिलेली, ठरावीक हेतूसाठीची आणि माहिती देऊन घेतलेली असावी लागते, आणि त्या हेतूला जेवढी लागते तेवढ्याच माहितीपुरती ती धरली जाते. कायद्यातच एक उदाहरण आहे : दूरध्वनीवरून वैद्यकीय सल्ला देणाऱ्या ॲपनं फोनमधली संपर्कयादीही मागितली आणि तुम्ही ‘हो’ म्हणालात, तरी सल्ल्यासाठी ती यादी लागत नसल्यामुळे संमती तिला लागू होत नाही. व्यास मोजणाऱ्या इन्स्पेक्टरच्या भुवयांचं मोजमाप कशासाठी लागतं, हे उदाहरण समोर ठेवून स्वतःलाच विचारा.

याच कायद्यातली मला सर्वांत आवडलेली तरतूद भाषेची आहे. सूचना इंग्रजीत किंवा संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय उमेदवाराला द्यावा लागतो. म्हणजे मराठीतही. शिवाय २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार प्रत्येक आस्थापनेला समान संधीचं धोरण जाहीर करावं लागतं. चेहऱ्याचा पक्षाघात झालेल्या माणसाला ‘निरुत्साही’ ठरवणारी यंत्रणा त्या धोरणात कशी बसणार?

पायरी ६ : भावनांचा भाग बंद करा आणि उत्तराला गुण द्या

माझा सल्ला स्पष्ट आहे. चेहरा आणि आवाज यांवरून काढलेले गुण पूर्ण बंद करा, ‘फक्त संदर्भासाठी’सुद्धा ठेवू नका. समोर ‘आत्मविश्वास कमी’ असं लिहिलेलं दिसल्यावर पुढचं उत्तर मोकळ्या मनानं ऐकणं मला जमलं नाही, माझ्या टीमलाही जमलं नाही.

पण नुसतं बंद करून भागत नाही. ९६ रेकॉर्डिंग कोण ऐकणार, हा प्रश्न खरा आहे, आणि त्यामुळेच लोक असलं सॉफ्टवेअर घेतात. त्यावर उपाय ठरावीक प्रश्न आणि ठरावीक गुणपट्टी यांचा आहे. पॉल सॅकेट हे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये निवडीच्या पद्धतींचा मोठा आढावा घेतला. त्यात आखीव मुलाखतीचा पुढच्या कामगिरीशी संबंध ०.४२ निघाला (० म्हणजे संबंधच नाही, १ म्हणजे पूर्ण संबंध), आणि आयत्या वेळी सुचेल ते विचारणाऱ्या मुलाखतीचा ०.१९.

गुणपट्टी एचआरनं एकट्यानं बनवायची नाही. त्या कामाच्या सुपरवायझरला चहाला बोलवा आणि विचारा : तुमचा सर्वांत भरवशाचा माणूस या प्रसंगी काय करतो? आणि ज्याला काढावं लागलं, त्यानं काय केलं होतं? आमच्या त्या ५० नगांच्या प्रश्नाची पट्टी अशी झाली. ‘३ नग बाजूला काढीन, बाकीचे पाठवीन’ याला १ गुण. लॉट थांबवून सगळे नग तपासण्याला ३. लॉट थांबवणं, मोजमापाचं साधन तपासणं, शेवटच्या चांगल्या नगापर्यंत मागे जाणं आणि वर कळवणं, हे चारही आले तर ५. इंग्रजीला गुण नाहीत, कारण त्या कामात इन्स्पेक्शन रिपोर्टचे रकाने भरता येणं पुरतं. उत्तर मराठीत दिलं तरी चालेल, असं प्रश्नाखालीच लिहिलं.

दोघांनी वेगवेगळं बसून गुण द्यायचे, एकमेकांचा कागद बघायचा नाही. दोघांत २ गुणांचा फरक पडला तर रेकॉर्डिंग पुन्हा ऐकायचं. आम्ही पहिली फेरी नुसता आवाज ऐकून करतो, चेहरा दिसतच नाही. एका उत्तराला दोन मिनिटं, तीन प्रश्न, ९६ उमेदवार, म्हणजे एका माणसाचे साधारण दहा तास. दोघांनी दोन दिवसांत काम संपतं. चुकीचा इन्स्पेक्टर घेतल्यावर ग्राहकाकडून परत आलेल्या मालावर जातात त्या दिवसांपुढे हे काहीच नाही.

‘पण आमचं पद विक्रीचं आहे, कस्टमर केअरचं आहे, तिथे चेहरा-आवाज लागतोच’ ही हरकत हमखास येते. मग ते कामच करून बघा. चिडलेल्या ग्राहकाचा चार मिनिटांचा फोन तुमच्यापैकी कुणीतरी करा. उमेदवारानं मध्ये तोडलं का, तक्रार पुन्हा सांगून खात्री केली का, जे पाळता येणार नाही ते वचन दिलं का, हे लिहून गुण द्या. ते माणसानं ऐकायचं, आणि प्रत्येक उमेदवाराला तोच ग्राहक द्यायचा.

पायरी ७ : उमेदवाराला सरळ भाषेत सांगा

अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात १ जानेवारी २०२० पासून नियम आहे : व्हिडिओ मुलाखतीचं विश्लेषण एआयनं होणार असेल तर आधी कळवायचं, ते कसं चालतं ते समजावायचं, संमती घ्यायची, आणि उमेदवारानं मागणी केल्यावर ३० दिवसांत व्हिडिओ पुसायचा. आपल्याकडे कुणी सक्ती करण्याची वाट कशाला बघायची? आमचा मजकूर देते, हवा तसा बदलून घ्या :

‘तुमची उत्तरं आमचे दोन कर्मचारी ऐकतील आणि गुण देतील. तुमच्या चेहऱ्यावरून, नजरेवरून किंवा आवाजाच्या चढउतारावरून कोणतंही सॉफ्टवेअर गुण देणार नाही. रेकॉर्डिंग भरती संपल्यावर ९० दिवसांनी पुसलं जाईल. त्याआधी पुसून हवं असल्यास खालच्या पत्त्यावर कळवा. रेकॉर्डिंग करणं शक्य नसेल तर फोनवर किंवा प्रत्यक्ष मुलाखत मिळेल. त्यासाठी कारण सांगावं लागणार नाही.’

असं लिहिलंत की ते पाळावं लागतं. पुसल्याची तारीख वहीत नोंदवा आणि विक्रेत्याकडूनही लेखी घ्या.

तुम्ही उमेदवार असाल तर

लिंक आली की रेकॉर्डिंग सुरू करण्याआधी कंपनीला एक साधा ईमेल पाठवा : ‘नमस्कार. मुलाखतीची लिंक मिळाली, धन्यवाद. माझ्या चेहऱ्याचं किंवा आवाजाचं स्वयंचलित विश्लेषण होणार आहे का आणि त्यावर गुण ठरणार आहेत का, हे कृपया कळवावं. तसं असल्यास मला फोनवर मुलाखत देता येईल का?’ यात उद्धटपणा काही नाही. माझ्याकडे असा ईमेल आला तर मला तो उमेदवार चौकस वाटतो.

उत्तर आलं नाही आणि नोकरी तर हवी आहे, अशी वेळ बहुतेकांवर येते. तेव्हा खिडकीकडे तोंड करून बसा, मोबाईल डोळ्यांच्या उंचीला ठेवा. स्क्रीनवरच्या स्वतःच्या चेहऱ्याकडे बघितलं की रेकॉर्डिंगमध्ये नजर खाली गेलेली दिसते, म्हणून कॅमेऱ्याच्या भोकाशेजारी रंगीत कागदाचा तुकडा चिकटवा आणि त्याकडे बोला. आकडे लिहून घ्यायचे असतील तर तोंडानं सांगा, ‘मी आकडे कागदावर लिहून घेते आहे.’ रेकॉर्डिंग माणसानं ऐकलं तर त्याला कळेल. उगाच सतत हसत राहू नका. सगळं लक्ष ओठांवर जातं आणि उत्तर निसटतं.

पायरी ८ : मागच्या याद्या पुन्हा काढा

सॉफ्टवेअर बंद केलं की काम झालं असं वाटतं. पण त्याआधीच्या महिन्यांत ज्यांना आपण नाकारलं, त्यांचं काय? रेकॉर्डिंग अजून शिल्लक असतील आणि ती ठेवण्याची मुदत संपली नसेल, तर फक्त या गुणांमुळे मागे पडलेल्यांची उत्तरं नव्या गुणपट्टीवर ऐका. जागा असेल तर फोन करा. नसेल तरी नाकारण्याचं कारण चुकीच्या पद्धतीतून आलं होतं, असं कळवा.

आम्ही पंढरपूरच्या त्या मुलीला बोलावलं, आणि ती आज लाइनवर आहे. यादीतल्या इतरांनाही फोन केले. काहींना दुसरीकडे काम लागलं होतं. लातूरच्या एका मुलानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘मॅडम, म्हणजे तेव्हा माझं उत्तर बरोबर होतं का?’ मी फाइल उघडली आणि त्याच्या तिन्ही उत्तरांचे नवे गुण त्याला एकेक करून वाचून दाखवले.